एक्केचाळीस मिलिमीटर

तुमची चूक दुसऱ्या कुणाच्या नावावर जाताना तुम्ही कधी समोर बसून पाहिली आहे? पाहिली आहे — आणि गप्प राहिला आहात?

मी राहिलोय. गेल्या रविवारपर्यंत हे मी कधीच कुणाला सांगितलं नव्हतं. आईला नाही, ज्यांच्यासोबत घसा बसेपर्यंत घोषणा दिल्या त्या मित्रांनाही नाही. लिहायला म्हणून तीनदा बसलो आणि तिन्ही वेळा भलतंच लिहिलं गेलं. एकदा तर गिरण्यांच्या जमिनींवर चार पानं झाली. विषय चुकवायची मला सवय आहे. म्हणजे — आत्ताही तेच चाललंय का? असेल.

मी लालबागला वाढलो. आजोबा कणकवलीकडून गिरणीत आले, वडील युनियनची पत्रकं छापून आणायचे. घरात पुस्तकं कमी आणि पत्रकं फार. त्यांच्या कोऱ्या पाठीवर मी बाराखडी गिरवली. मोरीवरच्या फळीवर आई अंथरायची तीही पत्रकंच. त्यामुळे जगात दोन बाजू असतात आणि आपली बाजू खरी असते, हे मला फार लवकर कळलं. किंवा कळलं असं वाटलं. पत्रकात 'बहुधा' हा शब्द कधी नसतो ना.

आणि माझी लाज अडकलीय कुठे, तर एका कॅबिनेटमध्ये. संगणकाचे सगळे भाग ज्या पत्र्याच्या पेटीत बसवतात, तिला बाजारात कॅबिनेट म्हणतात. हसू आलं तर हसा. मलाही समजत नाही, माणूस एवढ्याशा गोष्टीवर असा कसा घसरतो.

आमच्या मंडळाचं एक वाचनालय आहे. त्याच्या पोटमाळ्यावर आम्ही गिरणीतल्या जुन्या माणसांच्या मुलाखती साठवून त्यांची काटछाट करायचो. वर पत्रा. उन्हाळ्यात संगणक तापून मधेच बंद पडायचा. तेव्हा मंडळातल्याच एका दादाने, जो ॲनिमेशनच्या कामात आहे, आपल्या जुन्या मशीनचे दणकट भाग आम्हाला देऊन टाकले. त्यासोबत ते थंड ठेवणारे पाण्याचे दोन संच. प्रत्येक संचात एक छोटा पंप, दोन नळ्या आणि नळ्यांच्या टोकाला रेडिएटर — गाडीला असतो तसाच, पण चपटा, हातभर लांब. त्याला जोडलेले पंखे. सगळं मिळालं होतं. फक्त हे दोन रेडिएटर ज्यात मावतील असं कॅबिनेट घ्यायचं होतं.

जोडणी दीक्षा करणार होती. ती करी रोडच्या चाळीतली, चौदा एप्रिलच्या जयंतीच्या कार्यक्रमात माईक बंद पडला की सगळे जिच्याकडे बघतात ती. लॅमिंग्टन रोडवरच्या संगणकाच्या एका दुकानात दुरुस्तीच्या बेंचवर बसणारी ती एकटीच मुलगी होती. 'होती' असं लिहावं लागतंय, आणि ते माझ्यामुळे.

तिने एक कॅबिनेट निवडलं होतं. रुंद, ऐसपैस, पण दोन बाजूंना काच. सभेत तिने मोबाइलवर त्याचा फोटो दाखवला आणि मी उभा राहिलो. का उभा राहिलो? खिडकीतून समोरचा टॉवर दिसत होता, तोही काचेचा, आणि मला तिथल्या तिथे एक वाक्य सुचलं. मी म्हणालो, ज्यांनी आपल्या गिरण्या गिळल्या त्यांच्या काचा आपण आपल्या वाचनालयात आणायच्या का? कष्टकऱ्यांचा आवाज शोकेसमध्ये ठेवायचा का? टाळ्या पडल्या. परब काकांनी — ते आमचे अध्यक्ष — मान डोलावली. मी सांगितलं, साधं, काळं, पत्र्याचं कॅबिनेट मी बघून ठेवलंय. त्याच्या खोक्यावर मोठा रेडिएटर चालतो असं छापलेलंही आहे.

दीक्षा मला चिडवायला कॉम्रेड म्हणायची. सभा संपल्यावर जिन्यात तिने मला गाठलं.

"कॉम्रेड, रेडिएटरला भाषण ऐकू येत नाही रे. त्याला जागा लागते."

मग तिने मला ते समजावून सांगितलं. खोक्यावर छापतात ती लांबी. खरी अडचण जाडीची असते. रेडिएटर सत्तावीस मिलिमीटर, त्याखाली पंखा पंचवीस. म्हणजे वरच्या पत्र्यापासून मदरबोर्डपर्यंत बावन्न तरी मोकळे हवेत, पंचावन्न असले तर बरं. तिला त्या दिवशी दुकानातून निघता येणार नव्हतं. तिने आपल्या बॅगेतली टेप काढून माझ्या हातात ठेवली आणि म्हणाली, मोजून बघ, कमी भरलं तर घेऊ नकोस, आणि वाईट वाटून घेऊ नकोस. म्हणजे तिलाच कसली भीती वाटत होती बघा. माझं मन मोडेल याची.

मी गेलो. कॅबिनेट घेऊन आलो. "मोजलं. बसतंय," असं सांगितलं. तिने टेप परत घेतली आणि बॅगेत टाकली. पुन्हा विचारलं नाही. तुम्ही विचारलं असतंत? मी पत्रकं लिहिणारा माणूस. खोटं सहन होत नाही म्हणून दोनदा नोकरी सोडलेला.

ते बसलं नाही.

महाराष्ट्र दिनाला या मुलाखतींच्या संग्रहाचं उद्घाटन होतं आणि मधे दोनच दिवस उरले होते. पेटी उघडलेली, दुकानदार परत घेणार नाही म्हणत होता. दीक्षा पोटमाळ्यावर मांडी घालून बसली होती. रेडिएटर वर धरून बघायची, पंखा लावून बघायची, पुन्हा काढायची. मला विचारलं, "मोजलं होतंस ना तू?" मी हो म्हणालो. तिने पंखा पुन्हा काढून खाली ठेवला. मग आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणाली, मग माझाच अंदाज चुकला असणार, बोर्डावरचे भाग मी धरले त्याहून उंच असतील.

मी तिथेच होतो. तिच्या बाजूला. हातात स्क्रूंची डबी धरून.

तिने वाट काढली. एक रेडिएटर पुढे लावला आणि दुसरा, जागाच नसल्यामुळे, तळाशी आडवा. नळ्या हव्या त्यापेक्षा जास्त वाकवाव्या लागल्या. तिला ते आवडलेलं नव्हतं. हे कायमचं नाही, दुसरं कॅबिनेट मिळेपर्यंतच, असं तिने दोनदा सांगितलं. उद्घाटनाच्या गडबडीत कोण ऐकतंय? मी ऐकलं होतं. नारळ फुटला, परब काका बोलले, मीही बोललो — श्रमावर.

जूनमध्ये एका नळीच्या जोडापाशी पाणी पाझरायला लागलं. ते थेंब-थेंब खालच्या दोन्ही हार्डडिस्कवर पडत राहिलं. मुलाखती त्यांच्यातच होत्या, मूळही आणि प्रतही. काही पुन्हा घेता आल्या. सुलोचना आजींची नाही. संपाच्या काळात त्यांनी घर कसं चालवलं ते त्या पहिल्यांदाच कुणाला तरी बोलल्या होत्या. आम्ही परत गेलो तर म्हणाल्या, "सांगितलं ना एकदा? ता काय परत परत सांगूचा असता?" आणि भाजी निवडत बसल्या.

मग सभा झाली. दीक्षा उभी राहून म्हणाली, जोडणी माझी होती, जबाबदारी माझी. एवढंच. परब काका सौम्य माणूस, आवाज चढवत नाहीत. ते म्हणाले, "पोरीला दोष नको देऊया. एवढं नाजूक काम कुणाच्या हाती द्यायचं, ते आपणच बघायला हवं होतं. प्रत्येकाचा आपला एक वकूब असतो." आणि माझ्याकडे वळून, "काय नितीन?"

मी खाली सतरंजीकडे बघत होतो. तिचा एक दोरा सुटला होता, तो मी बोटाला गुंडाळत होतो.

वकूब. तो शब्द कशाबद्दल होता? ती मुलगी आहे म्हणून? की करी रोडच्या त्या चाळीतली आहे म्हणून? मला तेव्हा कळलं नाही, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. पण खोलीतल्या प्रत्येकाला कळलं होतं. दीक्षाच्या चेहऱ्यावरून ते दिसत होतं. तो चेहरा चिडलेला नव्हता. हे ऐकायची सवय असलेल्या माणसाचा होता. आणि माझ्या पिशवीत त्याच आठवड्यात छापायला जाणाऱ्या माझ्या पत्रकाचं प्रूफ होतं. विषय — जात आज कुठे लपते. पिशवी मांडीवर ठेवून मी बसून राहिलो. पत्रक वेळेवर छापून आलं. लोकांना आवडलं.

दीक्षाने वाचनालयाची किल्ली काकांच्या पुढे ठेवली आणि गेली. गोष्ट मात्र तिच्या मागे मागे गेली. 'पोरीने पाण्याचं मशीन केलं आणि मंडळ बुडवलं' — नाक्यावर हा विनोद झाला. तिच्या दुकानापर्यंत पोचायला त्याला महिनाही लागला नाही. मालकाने तिला बेंचवरून उठवून काउंटरवर बसवलं.

आता ते. जे मी इतका वेळ टाळतोय.

कुणी विचारलंच तर माझ्याकडे एक उत्तर तयार होतं — खोक्यावर छापलं होतं, मी फसलो. ते जरा कच्चं वाटायला लागलं तेव्हा मी मनात दुसरं तयार केलं — मी मोजलंच नव्हतं, विसरलो, घाई होती. हे दुसरं मला आवडायचं. त्यात मी निष्काळजी ठरतो. निष्काळजी माणसाला लोक माफ करतात. पुढे पुढे मला खरंच आठवेना, मोजलं होतं की नव्हतं. असं होतं का हो? की माणूस होऊ देतो?

मी मोजलं होतं. दुकानात खाली गुडघे टेकून, दीक्षाच्या टेपने. एक्केचाळीस मिलिमीटर. विश्वास बसला नाही म्हणून परत मोजलं. एक्केचाळीस. बावन्न हवे होते. दुकानदाराने विचारलं, काय, होतंय का? आणि माझ्या डोक्यात रेडिएटर नव्हता, मुलाखती नव्हत्या, दीक्षासुद्धा नव्हती. सभेतल्या टाळ्या होत्या. मी परत जाऊन काय सांगणार होतो? की काचवालंच बरोबर होतं? की ती बरोबर होती? मी म्हणालो, पॅक करा.

एवढंच आहे. अकरा मिलिमीटर कमी पडत होते आणि मला ते माहीत होतं. नंतर तिने स्वतःच्या हिशेबावर शंका घेतली तेव्हाही माहीत होतं. काकांनी 'काय नितीन' विचारलं तेव्हाही. मी तिच्या हुशारीला कमी लेखत होतो का? सभेत तिच्याऐवजी शेजारच्या वाडीतला एखादा मुलगा असता तर मी माघार घेतली असती का? मला माहीत नाही. हा प्रश्न मी दुसऱ्यांना फार जोरात विचारलाय.

गेल्या रविवारी मी तिला शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर भेटलो आणि सांगितलं. नेटमध्ये मुलं खेळत होती, ती तिकडे बघत ऐकत होती. मला वाटलं होतं ती ओरडेल. तिने विचारलं, "किती भरलं होतं?"

मी आकडा सांगितला.

"दोनदा मोजलंस?"

"दोनदा."

ती माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "काउंटरवर गिऱ्हाईक येतं आणि विचारतं, ताई, ह्यात बसेल का? मी तीन-तीनदा मोजते रे. आकडा समोर असतो. तरी माझ्या तोंडातून हो निघत नाही. मला वाटलं, मला मोजताच येत नाही."

मी माफी मागायला तोंड उघडलं. तिने हाताने थांबवलं.

"मला काय सांगतोस? मला माहीत नव्हतं एवढंच. जे हसतात त्यांना सांग."

म्हणून मी हे छापतोय, तिला विचारून, आणि परब काकांच्या हातात आधी देऊन. काका काय म्हणतील, मंडळ मला ठेवेल की नाही, हे मी इथे लिहिणार नाही. तो भाग माझा.

तुम्ही एक करा. लालबाग-परळमध्ये, लॅमिंग्टन रोडवर, कुठेही, कुणी तुम्हाला ती पाण्याच्या मशीनची गोष्ट हसत सांगायला लागला, तर त्याला मधेच थांबवा. आणि सांगा — दीक्षाचं माप बरोबर होतं. खोटं नितीन बोलला.