मंगळवारची तेर गाडी

महारुद्र आप्पांनी एसटीत अठ्ठावीस वर्षं कंडक्टरकी केली, त्यातली बरीचशी धाराशिव–तेर रस्त्यावर. तिकीट फाडणं हे त्यांचं पगारी काम. बिनपगारी काम म्हणजे कॉलेजला जाणाऱ्या पोरापोरींवर लक्ष ठेवणं. बापमंडळी फाट्यावर गाडीला हात करून विचारत, आमची पोरगी गाडीत होती का, शेजारी कोण होतं. आप्पा खरं ते सांगून बेल मारत. खोटं बोलण्याचा त्यांना कंटाळा होता.

ते स्वतः चौदा वर्षांचे असताना कुणाच्या तरी बैलगाडीत बसून येरमाळ्याच्या जत्रेला गेले आणि चौथ्या दिवशी उगवले. आईनं जेवलास का, एवढंच विचारलं. पण त्यांच्या मुलाच्या, युवराजच्या वेळी आख्खा डेपो कामाला लागला. युवराजनं स्टँडवर भजी खाल्ली, तर बरोबर किती मिरच्या खाल्ल्या हेही संध्याकाळपर्यंत आप्पांना कळायचं.

तो युवराज आता पुण्यात कंपनीत आहे. त्याची मुलगी शिवरंजनी अकरावीला, धाराशिवात आप्पांकडं राहते. युवराजनं तिच्या मोबाईलमध्ये एक अ‍ॅप घातलं. ती कुठं आहे ते दाखवणारा निळा ठिपका आप्पांच्या मोबाईलवर आला, कारण युवराजला स्वतःचा मोबाईल कंपनीच्या गेटवर ठेवावा लागतो. तीन ते सहा ठिपका क्लासवर दिसला पाहिजे, एकदा जरी ती दुसरीकडं सापडली तरी लातूरला निवासी क्लासात टाकीन, असं त्यानं दोघांना बजावलं. एवढं कशाला, असं आप्पा म्हणाले.

"तुमी माझ्यामागं सगळा डेपो लावला व्हता," युवराज म्हणाला. "म्या एक ठिपकाच लावलाय."

आप्पा रोज ठिपका बघू लागले.

गेल्या मंगळवारी ते तेर रस्त्यावरच्या आपल्या शेताकडं निघाले. साडेतीनच्या तेर गाडीत चढून बसले, तर दोन बाकं पुढं खिडकीत शिवरंजनी. आप्पांनी मोबाईल काढून पाहिला. ठिपका क्लासवरच होता. गाडी लागली की लोक खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात आणि स्वतः खाली चहा पीत उभे राहतात. आप्पांनी असे हजारो रुमाल पाहिले होते. पोरीनं मोबाईल मैत्रिणीच्या दप्तरात ठेवलाय, हे ओळखायला त्यांना वेळ लागला नाही.

ते उठून तिच्याशेजारी बसले. तिचा चेहरा खर्रकन उतरला. कुठं निघालीस, त्यांनी विचारलं.

"कुठंच न्हाय आप्पा. खिडकीत बसून तेरपर्यंत जाते आन त्याच गाडीनं परत येते. दर मंगळवारी."

"संगं कोण हाय?"

"कुणीच न्हाय. म्हणून तर जाते."

आप्पांना राजेश्वरी आठवली. वीसेक वर्षांपूर्वी ती एका फाट्यावरून गाडीत चढायची, त्यांना काका म्हणायची. एकदा ती कॉलेजला न जाता दिवसभर स्टँडवरच्या बाकावर मासिक वाचत बसली. बापानं विचारलं, आप्पांनी सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून ती फाट्यावर आली नाही. आप्पा महिनाभर तिथं उगीच गाडी थांबवत राहिले. दोन वर्षांनी ती कडेवर लेकरू घेऊन चढली, तिकीट घेतलं, पण काका म्हणाली नाही. ते आप्पांना अजून लागतं.

एवढ्यात फोन वाजला. चहाच्या सुट्टीत युवराज कंपनीच्या फोनवरून रोज विचारायचा. पोरगी कुठंय, त्यानं विचारलं. शिवरंजनीनं मान खाली घातली.

"ठिपका क्लासवर हाय," आप्पा म्हणाले. ते खरंच होतं.

गाडीचा आवाज कसला येतोय, त्यानं विचारलं. शेताकडं निघालोय, आप्पांनी सांगितलं. तेही खरंच होतं.

"एकटेच?"

आप्पांनी शिवरंजनीकडं पाहिलं. तिच्या हातात बायकांना मिळणाऱ्या अर्ध्या तिकिटाचा चुरगळलेला कागद होता.

"एकटाच," ते म्हणाले.

फोन खिशात ठेवून आप्पा उठले. दोन बाकं मागं आपल्या जागेवर जाऊन बसले आणि शेताचा फाटा येईपर्यंत त्यांनी पुढं पाहिलं नाही.