मामेसासऱ्यांची हिमनदी

जर्मनीतल्या एखाद्या हिमनदीला सख्खा नातेवाईक असलाच, तर तो म्हणजे माझे मामेसासरे. जन्मभर येना शहरातल्या कारखान्यात भिंगं घासली आणि निवृत्त झाल्यावर लोक बागकाम काढतात तसं या गृहस्थांनी त्सुगश्पिट्झ शिखरावरच्या हिमनदीचं काम काढलं. तिथे शास्त्रज्ञ बर्फात खोल भोक पाडून खांब रोवतात. वर्षभरानं खांब जेवढा उघडा पडेल, तेवढं बर्फ गेलं. मामा दर सप्टेंबरात हौसेनं त्यांच्या मदतीला जातात आणि उरलेलं वर्ष घरात कुणी अंथरुणाला खिळलं असावं तसे वावरतात. जूनमध्ये आम्ही वाल्डॉर्फच्या आमच्या घराच्या बाल्कनीत जरा बसलो की यांचा फोन: "जावईबापू, ऊन खाताय ना? खा, खा. तिकडे काय चाललंय कल्पना आहे?" एकदा मे महिन्यात अवेळी हिमवर्षाव होऊन शेजाऱ्यांचे टोमॅटो मेले, तेव्हा हे घरोघर पेढे वाटत फिरले. वर ताजं बर्फ पडलं की खालचं जुनं बर्फ उन्हापासून वाचतं, हेही समजावलं. शेजारीण पेढा हातात धरून नुसती "हो, हो" करत राहिली. मामी म्हणतात, "अहो, एवढी काळजी माझ्या गुडघ्यांची केली असतीत तर मीही आले असते वर!"

आम्ही हसतो, पण मामांना खरा घोर आहे तो कोलोनला राहणाऱ्या नातीचा. तिला एकदा त्या बर्फावर न्यायचं, एवढंच त्यांचं मागणं. त्यांचा मुलगा, म्हणजे तिचा बाप, दरवेळी म्हणे, "बाबा, लहान आहे ती, उंचीचा त्रास होईल. पुढच्या वर्षी बघू." पुढचं वर्ष म्हटलं की मामांचा चेहरा उतरायचा.

यंदा त्यांच्यासोबत मी गेलो. गेल्या वर्षीचा खांब दगडांवर आडवा पडला होता. मामा तो उभा करू लागले, तेव्हा मोजणीला आलेली तरुण शास्त्रज्ञ हळूच म्हणाली, "आल्झो, म्हणजे... इथे आता नवा खांब नाही लावणार. तेवढं खोल बर्फच उरलं नाही." "गेनाऊ, बरोबर आहे," मामा म्हणाले आणि बराच वेळ बुटाची नाडी बांधत बसले. मग तिथूनच मुलाला फोन लावला. "मी उद्या येतोय. तिचे गरम कपडे भरून ठेव." आवाजात काय होतं कोण जाणे, मुलगा लगेच "भरतो" म्हणाला.

त्याच आठवड्यात नातीला घेऊन मामा आणि मी केबलकारनं पुन्हा वर गेलो. दगडधोंड्यांमध्ये मळकं, करड्या रंगाचं बर्फ पसरलं होतं. नातीनं इकडेतिकडे पाहिलं आणि जर्मनमध्ये विचारलं, "आजोबा, एवढंच?" मला रडूच फुटायच्या बेतात होतं. मामा मात्र तिच्या शेजारी उकिडवे बसले आणि तिचा हातमोजा काढला. "हो गं, एवढंच. लाव हात."

तिनं तळवा टेकवला आणि लगेच उचलला. "ओलं आहे," ती म्हणाली. मामांनी तो इवलासा हात आपल्या स्वेटरला पुसला आणि कोरडा झाल्यावरही कितीतरी वेळ पुसत राहिले.