आत्याचा एक लॉट

गेल्या महिन्यात रिठदला आत्याकडे गेले होते... खरं तर माफी मागायला.

आतोबा अकोल्याला ठिबकचे पाइप बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत फिटर होते. कंपनीने शेअर काढले तेव्हा त्यांनी एक लॉट घेतला, हजार शेअरचा. आतोबा गेल्यावर ते आत्याच्या नावावर झाले.

आत्याची पिठाची चक्की आहे. यंदा उन्हाळ्याच्या आधी हळद-तिखट दळायचं मशीन घ्यायचं तिने ठरवलं होतं, आणि पैसा होता तो या शेअरमध्येच. पण कंपनी छोट्या कंपन्यांच्या एसएमई बाजारात होती... तिथे विकायचे तर अख्खा लॉट विकावा लागतो.

"ठेवले तं सारे ठेवा, नाही तं सारे इका. हे कोनतं गनित वं?" आत्या म्हणायची. आतोबांनी स्वतःच्या कमाईतून हौसेने घेतलेली ती एकच गोष्ट. सगळी विकायला तिचं मन धजत नव्हतं.

अशात बातमी आली की कंपनी मोठ्या एक्स्चेंजवर, मेन बोर्डवर जाणार. नुसत्या बातमीनेच भाव चढला. मशीन तर हवंच होतं, म्हणून मन घट्ट करून आत्या म्हणाली, टाकू विकून सगळे.

मीच थांबवलं. मी घरातली पहिली ग्रॅज्युएट, त्यातही बी.कॉम... माझ्या बोलण्यावर घरात कोणी शंका घेत नाही. मी तिला सोयाबीनचं उदाहरण दिलं. खेडा खरेदीवाल्याला दारातच माल दिला तर तो म्हणेल तो भाव, तोच रिसोडच्या मार्केटला नेला तर दहा व्यापारी बोली लावतात. तसंच हे, मोठ्या बाजारात भाव वाढणारच. आत्या थांबली.

मेन बोर्डवर पहिल्या दिवशी सकाळी भाव जरा चढला आणि दुपारपर्यंत घसरला. पुढे आठवडाभर घसरतच राहिला.

मग मी वाचत बसले. ज्यांना घ्यायचे होते त्यांनी बातमी येताच घेऊन ठेवले होते. आणि इतके दिवस लॉटमध्ये अडकलेले लोक आता मोकळे होऊन विकत होते. कंपनी तीच, पाइप तेच... बाजार बदलल्याने धंदा थोडाच वाढतो. हे मला आधीही वाचता आलं असतं.

रिठदला पोचले तेव्हा चक्की सुरू होती आणि आत्या पिठाने पांढरी झाली होती. मी एका दमात सगळं सांगून टाकलं. चूक माझी, हेही सांगितलं.

"बजार मोठा असला तं आवकही मोठी येते ना माय," ती पीठ चाळता चाळता म्हणाली. "आवक वाढली की भाव पडते. दरसाल पायतो आपन. तुले कायले शिकवा लागते?"

मला रडूच यायचं बाकी होतं. काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, एवढंच बरं झालं की आता लॉटची भानगड नाही, एकेक शेअरसुद्धा विकता येतो...

आत्याने चक्की बंद केली. "काय म्हनली?"

"एकेक विकता येतो. हवे तेवढे."

"मंग हे पयले सांगा लागत होतं ना वं. कवाची भाव-भाव करून राह्यली." तिने भिंतीशी लावलेल्या पोत्यांच्या थप्पीकडे हात केला. "सोयाबीन का सारं एकाच दिवशी नेतो काय आपन मार्केटले? लागलं तसे चार पोते न्यायचे."

तिथेच दळणाच्या डब्यांवर बसून आम्ही शेअर विकले. तिच्या मोबाइलवर ओटीपी आला, तो तिने आकडा-आकडा करून वाचला. मशीनपुरतेच विकले. भाव पडल्यामुळे चढ्या भावात लागले असते त्यापेक्षा बरेच जास्त विकावे लागले, ते माझ्यामुळे... पण निम्म्याच्या वर उरले.

"हे राहू दे," ती म्हणाली. "हे त्यायचे आहेत."

परवा तिने नव्या मशीनवर दळलेल्या हळदीचा पुडा पाठवला. पहिलं दळण आमच्या घरी. शेअरचा भाव अजून खालीच आहे, मी रोज बघते... आत्याने एकदाही विचारला नाही.

तिला काय हवं होतं, ते ती मला पहिल्या दिवसापासून सांगत होती. मी शिकवण्याच्या नादात ऐकलंच नाही. आत्या, तू रागावली नाहीस, हे मी विसरणार नाही.