आप्पांनी राखलेलं मैदान

"आप्पा गेले," असं बलदियाच्या, म्हणजे आमच्या नगरपालिकेच्या, चपराशानं मला येऊन सांगितलं तेव्हा मी कोर्टाच्या ओसरीवर एका पक्षकाराशी बोलत उभा होतो. थोड्या वेळापूर्वीच डोक्यावरून विमान गेल्याचा आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला होता. त्यामुळं मला वाटलं, बसले म्हणायचे एकदाचे! गावाचं विमानाचं मैदान इतकी वर्षं सांभाळणारा हा माणूस स्वतः एकदाही विमानात बसला नव्हता. मी हसत विचारलं, "हैदराबादला का? परत कधी येणार म्हणाले?" चपराशी खाली बघून म्हणाला, "तसं न्हाई, वकीलसाब. आप्पा वारले. मैदानातच. पंख्यानं मारलं." आणि खरं सांगतो, माझ्या डोळ्यांसमोर आला तो आमच्या कोर्टात दोरीनं ओढायचा कापडी पंखा. त्यानं माणूस कसा मरेल, असा विचार करत मी तसाच उभा राहिलो... विमानाचा पंखा माझ्या ध्यानात आला तो टांग्यात बसल्यावर, अर्ध्या वाटेवर. तेव्हापासून काही आठवडे झाले, पण माझं मन अजून त्या अर्ध्या वाटेवरच आहे.

आप्पा म्हणजे मन्मथअप्पा, मूळचे वालूरचे. परभणीच्या मोंढ्यात त्यांचं कापसाचं आणि ज्वारीचं आडत दुकान. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, डोक्याला पिवळा फेटा, आणि चालणं असं सावकाश की बरोबरच्या माणसाला पाय आवरून धरावे लागत. मोंढ्यात भावासाठी आरडाओरडा चालायचा, तेव्हाही आप्पांचा आवाज कधी चढला नाही. "घाई करनारा दोनदा तोलतो," असं ते म्हणायचे. ते माझ्याकडं पहिल्यांदा आले ते विमानाच्या कामानं नव्हे, तर मोंढ्याच्या नाल्यासाठी दरख्वास्त लिहून घ्यायला. सरकारी कामकाज उर्दूत, आणि आप्पांना ती बोलता यायची, लिहिता यायची नाही. मी मजकूर वाचून दाखवला तर म्हणाले, "लय मोठे शब्द घातले तुमी. नाला तुंबलाय एवढंच लिवा." तो नाला झाला, आणि पुढं आम्ही दोघंही बलदियाच्या कमिटीवर गेलो.

मैदान झालं ते एका बड्या अंमलदाराच्या दौऱ्यासाठी. पेडगावच्या रस्त्याला गायरान होतं. तिथली झुडपं तोडली, कोपऱ्यांना चुन्याचे दगड लावले, आणि एका सकाळी सगळी परभणी तिथं लोटली. विमान उतरलं, अंमलदारसाहेब उतरले, हारतुरे झाले. लोक विमानाभोवती होते. आप्पा मात्र साहेबांच्या माणसानं टाकून दिलेलं वर्तमानपत्र हातात घेऊन बाजूला उभे होते. मी जवळ गेलो तर ते कागद नाकाशी धरून शाई हुंगत होते. म्हणाले, "वकीलसाब, हे आजचं हाय. आज सकाळी हैदराबादेत छापलंय." मी म्हटलं, असेल. तर म्हणाले, "असंल काय? आजचा कागद आज येतो, तर आजची दवा आज कामून येऊ नये?"

एवढंच. यापेक्षा मोठं कारण त्यांनी मला कधी सांगितलं नाही, आणि मला वाटतं नव्हतंही. दौरा संपला. साहेब गेले, तंबू गेले, आणि वरून हुकूम आला की मैदान यापुढं बलदियानं सांभाळावं. खर्चाचं काय, याबद्दल हुकमात अवाक्षर नव्हतं. कमिटीच्या बैठकीत पेडगावचे जमीनदार माधवराव ताडकन उठले. त्यांच्या गावाची जनावरं पिढ्यान् पिढ्या त्या गायरानात चरत आलेली. "मानसाला प्यायला पानी न्हाई, आन् इमानाला मैदान! आमचं गायरान आमाला वापस द्या." त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. विहिरी आटलेल्या होत्या, रस्त्यांत खड्डे होते. आप्पा शांतपणे म्हणाले, "पानी आधी. मैदानासाठी कमिटीची तिजोरी उघडू नका. फकस्त ते माझ्याकडं द्या." कुणाला ते नकोच होतं, म्हणून ते आप्पांकडं आलं.

विमानाचं मैदान म्हणजे काय असतं हे मला आप्पांच्या मागं हिंडून कळलं. आमची काळी जमीन. उन्हाळ्यात तिला हात जाईल अशा भेगा पडतात, आणि पावसाळ्यात बैल पोटापर्यंत रुततो. विमान उतरायचं तर मधोमध मुरमाची पट्टी हवी. मुरूम आणायला पैसा हवा, आणि पैसा तर नव्हता. आप्पांनी मोंढ्यात येणाऱ्या गाडीवानांना सांगायला सुरुवात केली, "येताना गाडीखाली मुरमाची एक पाटी बांधून आन, बाबा. मैदानावर रिती कर आन् मग कापूस तोलायला ये." लोक हसले. पण आप्पांच्या तराजूवर भरवसा असल्यानं नाही कुणी म्हणेना. वालूरच्या गाड्या आणायच्या, राणीसावरगावकडून आलेला एखादा पाहुणाही आणायचा. दोन हंगामांत पट्टी दिसायला लागली. बैलांच्या रुळानं ती दाबली गेली. दिवाळीनंतर मैदानावरच्या गवताचा लिलाव करून चौकीदार उस्मानचाचांचा पगार निघू लागला. वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडाची लांब थैली आप्पांच्या पत्नी गौराबाईंनी घरीच शिवली. विमान उतरलं की बलदियानं काहीतरी आकारावं, हेही आप्पांनीच काढलं. त्याला ते 'उतराई' म्हणायचे. माधवराव म्हणाले, "इमानं येतात कुठं उतराई द्यायला?" तेही खरंच होतं. कधी एखादं यायचं, कधी महिनोन्‌महिने नुसत्या टिटव्या.

मग आप्पांनी शिवरात्रीची यात्रा धरून हैदराबादच्या एका हौशी पायलटाला बोलावलं. तिकीट घेईल त्याला गावावरून एक चक्कर. गाड्या जोडून माणसं आली. पहिल्यांदा कुणी पुढं होईना. शेवटी आप्पांच्याच वालूरची एक म्हातारी कासोटा आवळून म्हणाली, "मी बसते. मेले तर वरच हाय, लांब जायचं न्हाई." ती चक्कर मारून खाली आली, तिच्याभोवती बायका जमल्या, आणि त्यांनी विचारलं, काय दिसलं? म्हातारी म्हणाली, "आपलं गाव लय बारीक हाय गं." त्यानंतर रांग हटेना. त्या मिळकतीतून मैदानाच्या कडेला टिनाची खोली उभी राहिली. मी आप्पांना म्हटलं, तुम्ही बसा आता. ते म्हणाले, "मी वर गेलो तर ढोरं कोन हाकनार?"

त्या यात्रेतच त्यांनी एक नियम केला, आणि तो मला सांगायलाच हवा... कारण पुढचं सगळं त्याच्यापाशी येऊन अडतं. पायलटानं त्यांना समजावलं होतं की विमानाच्या नाकावरचा पंखा वेगानं फिरताना दिसत नाही. आप्पांनी ते मनावर घेतलं. विमानाच्या पुढून कुणी जायचं नाही, मागून, शेपटीकडून जायचं, हे ते शंभरदा सांगायचे. जिल्ह्याचा कारभार पाहणाऱ्या खुद्द तालुकदारसाहेबांचा हात धरून त्यांनी एकदा त्यांना मागं ओढलं होतं. "दिसत न्हाई म्हंजे न्हाई असं समजू नका, सरकार."

यंदा थंडीत गावात घटसर्प आला. लेकरांचे गळे सुजायला लागले. दोन घरं रडली. सरकारी दवाखान्याच्या डॉक्टरांकडची, या रोगाचं विष उतरवणारी लस संपली. हैदराबादेत होती, पण रेल्वेनं यायला वेळ लागणार, आणि दवाखान्यात एका तांबोळ्याच्या मुलाला श्वास घेता येत नव्हता. तार आप्पांनीच करवली. पायलट तोच, यात्रेतला. त्यानं उत्तर पाठवलं, निघतो.

पुढचं मी पाहिलेलं नाही. उस्मानचाचांनी सांगितलं ते लिहितो. सकाळपासून आप्पा मैदानावर होते. जनावरं हाकली, पट्टीवरचे खडे वेचले. डॉक्टरांचा माणूस सायकलवर येऊन म्हणाला, पोराची धुगधुगी राहिलीय. तेवढ्यात विमान आलं आणि नीट उतरलं. पायलट एकटाच होता. इंजिन बंद केलं तर पुन्हा पंखा फिरवून द्यायला जाणता माणूस नाही, आणि उजेडात परत पोचायचं, म्हणून त्यानं इंजिन चालूच ठेवलं आणि बसल्या जागेवरून पेटी उंच धरून दाखवली. आणि आप्पा धावले.

"मी त्यांला धावताना पयल्यांदा बगितलं, वकीलसाब," उस्मानचाचा म्हणाले. "लहान पोरावानी धावले. हसायले होते. मी वरडलो, 'आप्पा, पिच्छे से!' इंजिनाच्या आवाजात काय ऐकू येनार..." ते समोरून गेले. सरळ, पेटीकडं.

उस्मानचाचांनी स्वतःचा रुमाल त्यांच्या तोंडावर टाकला, आणि मग पायलटाच्या हातातली पेटी घेऊन सायकलवाल्याला दिली. या म्हाताऱ्याला त्या क्षणी ते सुचलं कसं, मला अजून कळत नाही. लस पोचली. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी ज्या ज्या लेकराला ती टोचली ते जगलं. तांबोळ्याचा पोरगाही जगला. एकाच दुपारी गावात एका गल्लीत आया देवापुढं साखर ठेवत होत्या, आणि मोंढ्यात आप्पांसाठी दुकानांच्या फळ्या लागत होत्या. मी दोन्हीकडून गेलो. कुठं कसला चेहरा करावा हे मला समजत नव्हतं.

आप्पांना त्यांच्या रीतीप्रमाणं बसवून, भस्म लावून, त्यांच्याच शेतात समाधी दिली. पायलट तिसऱ्या दिवसापर्यंत परभणीतच थांबला. तांबोळ्याची बायको पोराला कडेवर घेऊन आप्पांच्या दारात आली आणि उंबऱ्याबाहेर उभी राहिली. आत यायची तिची हिंमत होईना. गौराबाई उठून बाहेर आल्या. त्यांनी पोराच्या गळ्याला बोट लावून बघितलं, सूज उतरली का ते. म्हणाल्या, "थंडी लागती त्याला. आत आन." पोरगं त्यांच्या मांडीवर झोपून गेलं.

कमिटीची बैठक झाली. मैदान बंद करावं असा ठराव आला, आणि तो चुकीचा आहे असं म्हणायला कुणाची जीभ उचलेना, माझीसुद्धा. अध्यक्ष म्हणून बसलेल्या तालुकदारसाहेबांनी माधवरावांकडं बघितलं. ते म्हणाले, "मैदान पायजे असं मी कधी म्हनलो न्हाई, आजबी म्हनत न्हाई. पन तांबोळ्याच्या पोराला मी बघून आलोय." मग म्हणाले, "एक साल ऱ्हाऊ द्या. गवत माझी मानसं कापतील. गवतात ढोर लपलं तर आनिक एखादा मरंल." ठराव मागं घेतला गेला. पैसा कुणी मंजूर केला नाही. सांभाळायचं काम माझ्याकडं आलं. मला त्यातलं काही येत नाही.

गेल्या आठवड्यात मी पहिल्यांदा किल्ली घेऊन टिनाच्या खोलीकडं गेलो. पट्टीवर ताजा मुरूम पडलेला दिसला. कुणी आणायचं सांगितलं होतं, कुणास ठाऊक. खोलीचं कुलूप काढायला गेलो तर दार नुसतं लोटलेलं. आत गौराबाई, घरची दुसरी किल्ली कमरेला. कोपऱ्यातल्या मातीच्या रांजणात घागर रिकामी करत होत्या. मला बघून त्यांनी पदर सावरला.

"वहिनी, तुम्ही इथं?"

"ते रोज भरायचे," त्या म्हणाल्या. "वरून येनाऱ्याचा घसा कोरडा पडतो म्हनायचे. मी म्हनायची, येतंय कोन? तर म्हनायचे, आलं तर?" घागर खाली ठेवून त्या दाराशी आल्या. बाहेर ऊन होतं, मैदान रिकामं होतं. इतक्या दिवसांत त्यांनी कुणालाच काही विचारलं नव्हतं. आता विचारलं.

"वकीलसाब, खरं सांगा. त्यांला तो पंखा दिसला असंल का?"

मी सांगितलं, "नाही, वहिनी. फिरताना तो कुणालाच दिसत नाही. समोर नुसती हवा असते. त्यांना पेटी दिसत होती."

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, भ्याले असतील."

मग त्यांनी रांजणावर झाकण ठेवलं, झाकणावर तांब्या पालथा घातला आणि रिकामी घागर कडेवर घेऊन पेडगावच्या रस्त्यानं घराकडं निघाल्या. मी तांब्या उचलला. पाणी गार होतं.