पहिलं बाळंतपण पलीकडे

माझ्या थोरल्या मुलीला जनावरांची डॉक्टर व्हायचं होतं. मार्क चांगले होते, पण सबंध राज्याच्या यादीत टिकतील इतके नव्हते. आपल्या भागातल्या मुलांसाठी ज्या जागा राखीव असतात, त्यात मात्र तिचा नंबर लागणार होता. त्यासाठी आपण याच भागातले आहोत असा दाखला पाहिजे होता, आणि हातात आठ दिवस होते.

हा भाग म्हणजे कोणता, ते सांगायलाच अर्धा तास जातो. निजामाचं राज्य गेलं, आणि काही वर्षांनी भाषा बघून त्याचे तीन तुकडे केले. एक तुकडा मराठवाडा म्हणून महाराष्ट्राला, एक तेलंगण म्हणून आंध्राला, आणि आमचा तुकडा कर्नाटकाला. हैदराबाद शहर गेलं पलीकडे, नाव राहिलं आमच्याकडे. साठाहून जास्त वर्षं आम्ही हैदराबाद-कर्नाटक म्हणवून घेतलं. आता ते बदलून कल्याण कर्नाटक झालंय. मी नेलेल्या फॉर्मवर नवं नाव होतं आणि त्याला जोडायच्या प्रतिज्ञापत्रावर जुनं. माझे वडील जाईपर्यंत या सगळ्याला मोगलाईच म्हणायचे. त्यांना कुठले फॉर्म भरायचे होते!

आम्ही बीदरला मैलूरमध्ये राहतो, सासर याच जिल्ह्यातल्या संतपूरचं. तेव्हा दाखला मिळायला काय अडचण, असं मला वाटलं होतं. नवरा म्हणाला, "तू जा, तुला बोलायला जमतं." मी तहसील कचेरीत गेले.

खिडकीतल्या क्लार्कने पहिला प्रश्न विचारला, "अक्का, मुलगी कुठं जन्मली?"

"उदगीर."

"ते महाराष्ट्रात आलं की."

"पहिलं बाळंतपण माहेरी करतात. तुमच्याकडे नाही करत?"

"करतेत. मुलीचे वडील?"

"देगलूर."

"तेबी महाराष्ट्र. कामून?"

"त्यांच्या आईचं माहेर."

"आणि त्यांचे वडील?"

"नारायणखेड."

त्याने पेन खाली ठेवलं. "ते तर तेलंगण. अक्का, तुमच्या घरात कर्नाटकात कोण जन्मलंय का न्हाई?"

"माझी धाकटी."

"मग तिला देतो की दाखला."

"ती सातवीत आहे."

माझ्यामागे रांगेत उभा असलेला म्हातारा हसला. "आमच्यात बी तसंच हाय बाई. थोरला परदेशी, धाकटा गावकरी."

हसण्यासारखं असेलही, पण मला हसू आलं नाही. लग्नं जुळवताना कोणी नकाशा काढून बसत नाही. भाषा आपली, जात आपली, बसने दोन तासांत माणूस जाऊन येतो, एवढं बघून सोयरीक होते. पहिलटकरणीला सातव्या महिन्यात माहेरी न्यायचं, हे तर ठरलेलंच. दुसऱ्या खेपेला कोणी एवढं कौतुक करत नाही, ते बाळंतपण सासरीच होतं. म्हणून आमच्याकडे घरोघरी थोरली पोरं सीमेपलीकडे जन्मलेली असतात. सीमा आखणाऱ्यांना कोणी बाळंतिणी कुठे जातात ते सांगितलं नसावं.

मी घरी येऊन विचार केला आणि मला एकदम सुचलं. वडिलांचा शाळेचा जुना दाखला माहेरच्या पेटीत होता. उर्दूत लिहिलेला, त्यावर 'तालुका उदगीर, जिल्हा बीदर'. म्हणजे उदगीर बीदरचंच! दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने उदगीर गाठलं, कागद काढला, परत आले आणि तिसऱ्या दिवशी सकाळी तो खिडकीतून आत सरकवला. क्लार्कला उर्दू येत होतं. त्याने शांतपणे सगळं वाचलं.

"खरं हाय अक्का. तवा उदगीर बीदरातच होतं. पण मी दाखला आजचा द्यायलोय, निजामाच्या वेळचा न्हाई."

"मग हे बीदर कुठलं?"

"हेच. पण त्यातलं उदगीर गेलं ना." त्याने कागद जपून घडी करून परत दिला. "मुलीच्या वडिलांची दहा वर्षांची शाळा हितली असंल तर बघा. तेवढ्यावर हुतंय. जन्माचं कामून धरून बसलाव?"

"मी धरून बसले? पहिला प्रश्न तुम्हीच विचारलात!"

"फॉर्मात पहिलं तेच हाय."

तीन दिवस गेले होते. मुलगी रोज संध्याकाळी मी चप्पल काढायच्या आत हातातली पिशवी घेऊन कागद बघायची. मला त्याचाच जास्त राग यायचा.

चौथ्या दिवशी तिला घेऊन संतपूर गाठलं. नवऱ्याची पहिली ते दहावी तिथलीच. शाळेने दाखला दिला. त्यावर जन्मगावही संतपूरच! त्या काळचे मास्तर समोर बसलेल्या पोराचं गाव तेच जन्मगाव लिहून मोकळे व्हायचे. आता फक्त तलाठ्याने घरी येऊन पंचनामा करायचा राहिला होता. घरी सासूबाई.

मी त्यांना आधीच सांगून ठेवलं, "आत्या, तलाठी विचारतील तेवढंच सांगा. बाळंतपणाचं काढू नका."

"म्या कामून काढू?" त्या म्हणाल्या.

तलाठी आला, ओसरीवर बसला, चहा घेतला. "अज्जी, हे घर तुमचंच न्हवं?"

"व्हय. पण पोरगं माझं देगलूरला झालं. दोन दिवस अडले हुते, सुईण म्हणली आता काय खरं न्हाई..."

मुलीने डोळे मिटले. तलाठ्याने शाळेच्या दाखल्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

गप्प बसता आलं असतं. पण कागद उद्या कोणी उलटून बघितला, तर मुलीची जागा मधल्याच वर्षी जायची. मी सांगून टाकलं, "त्या म्हणतात ते खरं आहे. मास्तरांनी चुकीचं लिहिलंय."

"मग मी काय लिहू?"

"जन्माचं लिहू नका. दहा वर्षं शाळा केली ते लिहा. त्यात काही खोटं नाही."

त्याने मान हलवली आणि सासूबाईंना विचारलं, "हितं कवापासून र्‍हाताव अज्जी?"

"लगीन झाल्यापासून. मेंढरं हुती तवा चार-चार म्हैने भाईर."

"भाईर कुठं?"

"चारा असंल तिकडं. उदगीर, देगलूर, पार नारायणखेडच्या रानात."

"आत्या!" मी म्हणाले.

"इचारायलाय तर सांगू न्हाई का?"

तलाठी हसायला लागला. "मेंढराचं लिवायला जागा न्हाई अज्जी फॉर्मात." त्याने शाळेची दहा वर्षं लिहिली, सासूबाईंचा अंगठा घेतला आणि सही केली.

सातव्या दिवशी दाखला हातात पडला. आठव्या दिवशी आम्ही दोघी कागद तपासतात तिथे रांगेत होतो. टेबलावरच्या बाईंनी मार्कलिस्ट नीट बघितली, फोटो बघितला. दाखल्यावर मात्र डोळा फिरवला न फिरवला आणि शिक्का मारून तो बाकीच्या कागदांखाली सरकवला.

"नीट बघा तरी," मी म्हणाले.

"बघितला की हो. बरोबर हाय. जागा पक्की. पुढचं कोण?"

"अहो, तो मिळवायला आम्ही..."

"मम्मी," मुलगी माझा दंड धरून म्हणाली, "चल आता."