ठिपकेवाले भुंगेरे

किस्से जमवायचे म्हणून कुणी नोकरी धरत नाही. पण निपाणीजवळच्या आमच्या प्रयोगशाळेत आम्ही माशा पाळतो, त्यामुळे किस्से आपोआप साचतात. माशा मात्र साचत नाहीत! खरं सांगू, मी आता थकलोय.

मागे मुलगी बघायला खानापूरला गेलो होतो. तिच्या वडिलांनी विचारलं, "काय करता?"

"माशा पाळतो."

"मधमाशा?"

"नाही, साध्याच."

चहा आला. मुलगी काही बाहेर आली नाही!

*

हुमणी नावाची अळी उसाची मुळं खाते आणि तिचेच पुढे भुंगेरे होतात. आमची माशी भुंगेऱ्याच्या पाठीवर पांढरं अंडं घालते, अंड्यातली अळी आत शिरते, भुंगेरा मरतो. मोठे साहेब हे समजून घेत माशांच्या खोलीत उभे होते. तेवढ्यात हातावर माशी बसली. फट्!

आमच्या मदतनीस सुशीलाआक्का कळवळल्या, "साहेब, गाभण हुती वो ती!"

*

संध्याकाळी लोक कडुनिंब हलवून भुंगेरे रॉकेलच्या पाण्यात टाकतात. आम्ही शिवारात माशा सोडतो आणि घसा कोरडा करत फिरतो, की पाठीवर पांढरा ठिपका दिसला तर मारू नका, त्यातून आमच्या माशा वाढतील.

शेजारच्या शिवारातले मल्लाप्पा म्हणाले, "चोर घावला, आनि टिळा लावलाय म्हनून सोडायचा व्हय रं?"

*

यंदा वरून निरोप आला, की शिवारात एकसुद्धा ठिपकेवाला भुंगेरा सापडला नाही तर माशांची खोली बंद. आक्कांची नोकरी त्या खोलीवरच. त्या मल्लाप्पांच्या बांधावर बसून रडल्या. आम्ही झाडं हलवून हलवून दमलो, ठिपका काही दिसेना.

बैलांचा सण बेंदूर झाला आणि मल्लाप्पा बरणी घेऊन आले. आत भुंगेरे, आणि प्रत्येकाच्या पाठीवर पांढरा ठिपका! आक्कांनी हात जोडले. मी एक भुंगेरा भिंगाखाली धरला, तर रंगाचा वास आला.

"आप्पा, हे काय?"

"बैलाच्या शिंगाचा रंग उरलता. आक्काची खोली बंद पडाया नको म्हनून लावलो."

मी डोकं धरून बसलो. "म्हणजे सगळे तुम्हीच रंगवलेत?"

"न्हाय वो! एकाला आधीच हुता ठिपका. त्येला बघूनच तर बाकीच्यांना लावलो."

मी ताडकन उठलो. "कुठला तो?"

मल्लाप्पांनी बरणी फिरवून फिरवून पाहिली.

"त्येचा लईच बारीक हुता," ते म्हणाले, "म्हनून वरनं जाडसर हात दिलो."