क्षमा मागून झाल्यावर

एका गुरुवारी सकाळी, दहाच्या चहानंतर, आमच्या कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये एका माणसाच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. ती माझ्यामुळे गेली. आज हे मी सरळ लिहू शकतो, पण पहिल्यांदा तोंडातून निघायला मला दोन वर्षं लागली. आणि त्या दोन वर्षांतही मी देवाच्या कृपेविषयी बोलतच होतो.

मी बेळगावकडचा. आमचं घर दोन पिढ्यांपासून ख्रिस्ती. नव्वदीच्या सुरुवातीला डिप्लोमा घेऊन बेंगळुरूला आलो आणि आनेकलजवळच्या एका लहान कारखान्यात सुपरवायझर म्हणून लागलो. पत्र्याचे सुटे भाग काढणाऱ्या सात पॉवर प्रेस होत्या, त्यांच्यावर माझी देखरेख. बोटं गेली ते गृहस्थ तिसऱ्या प्रेसवर काम करायचे. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे, आनेकलच्या पलीकडच्या खेड्यातले. सगळे त्यांना अण्णा म्हणत, मीही म्हणायचो. ते मला कानडी वळणाने सार म्हणत.

कारखान्यात मराठी बोलणारा दुसरा एकच माणूस होता, मेंटेनन्सचा फिटर. माझ्याच वयाचा, निपाणीकडचा. तोही जन्माने ख्रिस्ती, पण बेंगळुरूला आल्यापासून त्याचं उपासनेला जाणं सुटलं होतं. मीच त्याला पुन्हा नेलं. येलहंक्याला रेल्वेतून निवृत्त झालेल्या एका काकांच्या घरी दर रविवारी दुपारी मराठी उपासना भरायची. दहा-बारा कुटुंबं जमायची. चर्चचे पाळक महिन्यातून एकदा येत. एरवी आमच्यापैकीच कुणीतरी संदेश द्यायचा, आणि तो बहुतेक वेळा मीच असायचो. मला बोलता यायचं. माझा विषयही ठरलेला असायचा: तारण फुकट आहे, ते कमावता येत नाही, हात पसरायचा आणि घ्यायचं, बस्स. वधस्तंभ उचलून येशूच्या मागे चालण्याची जी वचनं आहेत, ती मी वाचायचो, पण त्यांच्यावर फार वेळ थांबायचो नाही.

सुरुवातीला एकदा फिटरने मला विचारलं होतं की, फुकट घेतल्यानंतर माणसाने काय करायचं. मी म्हटलं, आभार मानायचे. तो बराच वेळ त्यावर विचार करत बसला. त्याला कुठलीही गोष्ट पटकन समजली असं वाटायचं नाही, पण एकदा समजली की तो ती सोडायचा नाही.

त्या आठवड्यात सोमवारी तिसऱ्या प्रेसच्या गार्डची स्प्रिंग तुटली. प्रेसच्या तोंडाशी जाळीचा गार्ड असतो. तो खाली आल्याशिवाय मशीन ठोका मारत नाही, त्यामुळे हात आत असताना ठोका पडायची भीती नसते. फिटर म्हणाला, स्प्रिंग शहरातून आणावी लागेल, दोन-तीन दिवस जातील, तोवर मशीन बंद ठेवा. शुक्रवारी माल जायचा होता. मी त्याला गार्ड वर बांधून ठेवायला सांगितलं. तो म्हणाला, हे माझ्या हातून होणार नाही, सर. कारखान्यात तो मला सर म्हणायचा आणि रविवारी भाऊ.

मग मीच एक तार घेतली, गार्ड वर बांधला आणि तो खालीच आहे असं मशीनला वाटावं म्हणून त्याचा स्विचही त्याच तारेने दाबून ठेवला. फिटरने आपल्या रजिस्टरमध्ये लिहिलं की गार्ड नादुरुस्त आहे, मशीन चालवू नये, सुपरवायझरना कळवलं आहे. अण्णा मशीनवर आले तेव्हा त्यांनी वर बांधलेल्या जाळीकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. मी म्हटलं, दोन दिवसांचा प्रश्न आहे, स्वल्प सांभाळून करा. ते "सरी" म्हणाले, म्हणजे बरं, आणि कामाला लागले.

गुरुवारचं मी लांबवत नाही. ठोका पडला, आवाज नेहमीचाच आला, आणि नंतर जो आवाज आला तो अण्णांचा होता. फिटर सगळ्यांच्या आधी धावला. त्याने अंगातला शर्ट काढून त्यांचा हात गुंडाळला आणि गाडीत त्यांच्याबरोबर बसून इस्पितळात गेला. मी मागे राहिलो. गाडी फाटकाबाहेर पडल्यावर मी तिसऱ्या प्रेसपाशी गेलो, गार्डची तार सोडली आणि भंगाराच्या डब्यात टाकली. घाबरलो होतो, काय करतोय ते कळत नव्हतं, असं मी नंतर स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं. पण तार सोडण्याआधी मी आजूबाजूला पाहिलं होतं.

शुक्रवारी मॅनेजरने मला बोलावलं. त्याच्या टेबलावर अहवाल टाइप करून तयार होता. गार्ड सुस्थितीत होता, कामगाराच्या निष्काळजीपणामुळे अपघात झाला, असं त्यात होतं. तो आवाज न चढवता म्हणाला की, दुसरा अहवाल लिहायचा तर त्यात गार्ड कुणी बांधला तेही लिहावं लागेल. माझ्या बायकोला सातवा महिना होता. मी सही केली.

संध्याकाळी घरी गेलो आणि जेवायच्या आधी गुडघे टेकले. मी काहीही लपवलं नाही. तार, सही, सगळं देवासमोर ठेवलं आणि रडलो. उठलो तेव्हा मला खरोखर हलकं वाटलं. त्यात सोंग नव्हतं, ते आजही मी शपथेवर सांगेन. मला क्षमा झाली होती. मी हातपाय धुतले, पोटभर जेवलो आणि बायकोला म्हटलं, कारखान्यात अपघात झाला, त्यामुळे मन जरा उदास होतं.

शनिवारी फिटरला बोलावणं आलं. रजिस्टरचं ते पान काढून नवं लिहून दे, असं त्याला सांगण्यात आलं. तो म्हणाला, झालं ते मी लिहिलंय, न झालेलं मला लिहिता येणार नाही. तो अजून कायम झालेला नव्हता. सोमवारपासून येऊ नको, असं त्याला तिथल्या तिथे सांगितलं गेलं. पान काय, ते नंतर दुसऱ्या कुणीतरी काढलंच. त्याला दोन लहान मुली होत्या. मी माझ्या काचेच्या केबिनमधून त्याला हत्यारांची पेटी उचलून जाताना पाहिलं.

दुसऱ्या दिवशी येलहंक्याला संदेश माझाच होता. मी क्षमेवर बोललो. पापी माणूस रिकाम्या हाताने येतो आणि भरल्या हाताने जातो, असं काहीसं बोललो. समोर दोघी-तिघींनी डोळ्यांना पदर लावला. काका म्हणाले की, इतक्या वर्षांत इतकं मनापासून बोललेलं त्यांनी ऐकलं नव्हतं. फिटर शेवटच्या रांगेत धाकटीला मांडीवर घेऊन बसला होता.

परतीच्या बसमध्ये आम्ही शेजारी बसलो. मॅजेस्टिकच्या बसस्थानकावर मला बस बदलायची असायची, त्यालाही. त्याची बायको मुलींना घेऊन पुढच्या बायकांच्या सीटवर होती. मग त्याने विचारलं, "भाऊ, आज बोललात ते स्वतःबद्दल होतं का?"

मी हो म्हटलं.

"क्षमा मिळाली?"

"मिळाली. मागितली की मिळते."

"मग आता आपण अण्णांकडे जाऊ. उद्या मी मोकळाच आहे."

उद्या मी मोकळाच आहे हे तो टोमणा म्हणून बोलला नव्हता. त्याच्या मनात दोन गोष्टी इतक्या सरळ जोडलेल्या होत्या की, एकीनंतर दुसरी येणारच. मी म्हटलं, आता लगेच नको, त्यांना बरं वाटू दे, पुढच्या आठवड्यात बघू. त्याने माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं, त्याला तेव्हा राग आला नाही. मी त्याला जे शिकवलं ते मलाच ठाऊक नाही की काय, असा गोंधळ त्याच्या चेहऱ्यावर होता. मॅजेस्टिकला त्याची बस लागलेलीच होती. तो मुलींना उचलून निघून गेला.

पुढचा आठवडा आला आणि गेला. मुलगी झाली, ते कारण पुरलं. नंतर मी येलहंक्याला जाणंच सोडलं, कारण तिथे तो असायचा. घराजवळच्या एका मोठ्या इंग्रजी चर्चमध्ये आम्ही जाऊ लागलो. तिथे मला कुणी ओळखत नव्हतं. काही महिन्यांनी तिथल्या एका प्रार्थना-गटाने मला बोलायला सांगितलं आणि मी पुन्हा तेच बोललो, आता इंग्रजीत. रोज प्रार्थनेत अण्णांचं नाव घ्यायचो. मी त्यांच्यासाठी प्रार्थना करतो, याचंही मला थोडं समाधान वाटायचं. हे लिहिताना आता लाज वाटते, पण वाटायचं खरं.

दोन वर्षांनी मला बेळ्ळंदूरकडे एका नव्या इलेक्ट्रॉनिक्स कंपनीत नोकरी लागली. पहिली सोडली, दुसरीकडे रुजू झालो, आणि साधारण महिन्याभराने एका रविवारी चर्चला न जाता आनेकलची बस पकडली. बायकोला तोवर सगळं सांगितलं होतं. ती एवढंच म्हणाली की, मला आधी सांगायला हवं होतंत.

अण्णांचं घर शोधायला त्रास पडला नाही. घरामागे तुतीचं रान होतं, आणि ओसरीवर रेशमाच्या किड्यांच्या बांबूच्या परड्या मांडून ठेवल्या होत्या. अण्णांची बायको किड्यांवर पाला पसरत होती. अण्णा डाव्या हाताने विळा धरून पाला कापत होते. मला पाहून ते उठले, बसायला चटई टाकली, बायकोला कॉफी ठेवायला सांगितलं. मी बसलो नाही. उभ्यानेच, कन्नडमध्ये, सगळं सांगितलं: गार्ड मी बांधला, तार मी सोडली, तुम्ही निष्काळजी होतात यावर सही मी केली.

त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले की, तुम्ही वर बांधलेला गार्ड मी पाहिलाच होता, सार, त्यात नवीन काय. अपघातानंतर लगेच मी मॅनेजरसाहेबांना सांगितलं, पण ते कुणी लिहून घेतलं नाही. ज्याने लिहिलं त्याला घालवलं. तो मात्र पहिले सहा महिने दर आठवड्याला येत होता, मला पट्टी बदलायला बसने इस्पितळात नेत होता. एवढ्या लांबून.

हे मला माहीत नव्हतं.

मी विचारलं, आता मी काय करू. ते म्हणाले की, कामगार खात्यात त्यांचा अर्ज अजून पडून आहे. त्यांना बाकी काही नको होतं. कागदावर लिहिलेला तो निष्काळजी शब्द तेवढा काढून हवा होता. त्या शब्दामुळे दोन कारखान्यांनी त्यांना वॉचमन म्हणूनसुद्धा घेतलं नव्हतं. "तुम्ही तिथे येऊन हेच सांगाल?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, सांगेन. नक्की सांगेन.

त्यांनी थोडा विचार केला आणि विचारलं, "तुम्ही अजून त्याच कारखान्यात आहात?"

"नाही. गेल्या महिन्यात सोडला."

"सरी," ते म्हणाले.

त्यांनी ते कसल्याही सुरात म्हटलं नाही. विळा उचलला आणि पुन्हा पाला कापू लागले. पण मी तिथे उभ्याउभ्या समजलो की, मी खरं बोलायला अशा वेळी आलो होतो, जेव्हा खरं बोलण्याने माझं काहीच जाणार नव्हतं. फिटरने शनिवारी सकाळी जे केलं, ते मी दोन वर्षं थांबून, नवी खुर्ची मिळाल्यावर करत होतो.

मी कामगार खात्यात गेलो. दोन खेपा झाल्या. जुना मॅनेजर समोर बसला होता, तो माझ्याकडे बघतही नव्हता. मी जबाब दिला, अधिकाऱ्याने तो लिहून घेतला, आणि काही महिन्यांनी अण्णांना नवा कागद मिळाला. त्यात अपघाताचं कारण म्हणून नादुरुस्त गार्ड लिहिलं होतं. माझ्याविरुद्ध काही झालं नाही. अण्णांनी तो कागद प्लास्टिकमध्ये घालून ठेवला, पण पुन्हा कुठल्या कारखान्यात नोकरी मागायला ते गेले नाहीत. किडे पाळणं त्यांना जमलं होतं.

उरला फिटर. त्याच्याकडे जायला मला अण्णांपेक्षा जास्त धीर लागला. येलहंक्यातच एका गल्लीत तो मिक्सर, ग्राइंडर दुरुस्त करायचा, आणि दुकानामागच्या दोन खोल्यांत राहायचा. मला पाहताच तो हात पुसत बाहेर आला, मला घरात घेऊन गेला. मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "माफ तर मी त्याच वेळी केलं होतं, भाऊ. बसमध्येच. पण तुम्ही वाट फार बघायला लावलीत."

कारखान्याविषयी तो फारसं बोलला नाही. येलहंक्याच्या उपासनेत आता संदेश कधीकधी तोच द्यायचा, असं मला काकांकडून कळलं होतं. मी विचारल्यावर तो लाजला. म्हणाला, मला तुमच्यासारखं बोलता येत नाही, मी नुसतं वाचतो आणि सांगतो की हे करायला अवघड आहे.

तारण फुकट आहे, यावर माझा आजही विश्वास आहे. मला ते फुकटच मिळालं. पण ते मिळाल्यावर उठून आनेकलची बस पकडायची होती, आणि मी त्याच्याच जोरावर घरी बसलो. जे माझ्या वाट्याचं होतं, ते दुसऱ्या माणसाने नोकरी गमावून केलं, आणि मी स्वतःला त्याचा शिक्षक म्हणवत होतो.

मी तिथे तासभर होतो. फिटरने स्वतःच आत जाऊन चहा केला आणि आणून दिला. त्याची बायको घरातच होती. पडद्याआड मला तिच्या बांगड्या ऐकू येत होत्या, आणि ती मोठ्या मुलीला हळू आवाजात पाढे म्हणायला सांगत होती. ती बाहेर आली नाही. निघताना मी पडद्याकडे बघून म्हटलं, "येतो, वहिनी." आत पाढे तसेच चालू राहिले. फिटर खाली मान घालून उभा राहिला, आणि मी चपला घालून बाहेर पडलो.